उसातलं नेटवर्क दुरुस्त करायच्या आधी

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. फेब्रुवारीत खोडव्यात (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात) नोड, म्हणजे मोजलेले आकडे रेडिओने पाठवणारी छोटी यंत्रं, लावले, शंभरातली नव्वदच्या वर पॅकेटं (आकड्यांचे पुडके) पोचत होती, सिम्युलेशनशी, म्हणजे संगणकावर चालवलेल्या नेटवर्कशी, आकडा जुळत होता. आता श्रावणात निम्मीसुद्धा येत नाहीत. सप्टेंबरात प्रगती-सादरीकरण आहे, म्हणून येत्या रविवारी सगळे खांब उंच करून जास्त पॉवरचे रेडिओ मोड्यूल बसवणार. तेही जमलं नाही तर गाइड म्हणतात तसं शेत सोडून नुसतं सिम्युलेशन लिहिणार. तालुका बदलला तर ही माझीच गोष्ट आहे.

रविवारी काहीही बदलू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण एवढं ऐका.

झिगबी ही कमी विजेची रेडिओ पद्धत, मेश म्हणजे एकमेकांची पॅकेटं पुढे देणाऱ्या नोडांचं जाळं, नोडची झोप-जाग हे सगळं तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते.

२०१४ साली शिरोळ तालुक्यात मामांच्या अडीच एकरांत मी जमिनीची ओल मोजणारे नोड लावले. काळी जमीन, उसाची तोड नुकतीच झालेली, खोडवा गुडघ्याच्याही खाली. अँटेना बांबूवर चार फुटांवर, कारण तेवढ्या उंचीवर मला उभ्याने बॅटरी बदलता यायची. दोन नोडांत साधारण ९० मीटर अंतर, मोड्यूल २.४ गिगाहर्ट्झचे. सगळं छान चाललं. मामा बांधावर उभे होते, म्हणाले, "आत्ता रान उघडं हाय. गणपतीत ये, मग सांग चालतंय का." मी ते वहीत लिहून घेतलं नाही. लिहायला हवं होतं, कारण माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न त्यांनी त्या एका वाक्यात सांगितला होता.

ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेला आणि नेटवर्क कोसळलं. सादरीकरणाला अकरा दिवस उरले होते. मी घाबरले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून दहा-दहा फुटांचे जीआय पाइप कापून आणले, जास्त पॉवरचे मोड्यूल घातले, अँटेना बदलले, सगळ्या बॅटऱ्या नव्या टाकल्या, पॅकेटं पुढे पाठवणारे दोन राउटर नोड फडातून काढून बांधावर आणले. मामेभावाला घेऊन दोन दिवसांत हे सगळं उरकलं. सोमवारी आकडे परत चढले. त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हे कशामुळे सुधारलं?" उंचीमुळे, पॉवरमुळे, अँटेनामुळे की नव्या बॅटरीमुळे, मला सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, "आणि आधी बिघडलं कशामुळे होतं?" त्याचंही उत्तर नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, बिघडलेलं नेटवर्क हाच तुमचा विषय होता, तो तुम्ही दुरुस्त करून टाकलात.

परत मोजायचं म्हटलं तर डिसेंबरात तोड आली, मामांनी खोडवा मोडला आणि हरभरा केला. दाट ऊस पुन्हा मिळायला पुढचा पावसाळा यावा लागला, तोही दुसऱ्याच्या रानात. तोवर माझी शिष्यवृत्ती संपली. प्रयोगशाळेतला प्रयोग उद्या परत लावता येतो. उसातला प्रयोग वर्षातून एकदाच येतो, आणि तुमचा आत्ता उभा आहे.

तर रविवारी शेतात जा, पण मोजायला जा. आहे त्या अवस्थेत किमान आठ दिवस नोंद घ्या. प्रत्येक नोडमध्ये कार्ड किंवा फ्लॅश असेल तर नोडलाच लिहू द्या: पॅकेटचा क्रमांक, वेळ, बॅटरीचा व्होल्टेज आणि नोड किती वेळा रीसेट झाला ते. बॅटरीचं मुद्दाम सांगते. पानांखाली गेलेल्या सोलर पॅनेलला या दिवसांत ऊन मिळत नाही. आधीच आभाळ, त्यात उसाची सावली. माझे तीन नोड गप्प झाले ते रेडिओ पोचत नव्हता म्हणून की बॅटरी मेली म्हणून, हे मला आजही ठाऊक नाही, कारण बॅटरी बदलताना जुनीचा व्होल्टेजसुद्धा मी मोजला नव्हता.

पॅकेटचा क्रमांक आठ बिटांचा ठेवला असेल तर आधी बदला. प्रोग्राममध्ये एवढाच बदल मी मान्य करीन. पाच मिनिटांना एक पॅकेट म्हणजे दिवसाला २८८. आठ बिटांत २५६ झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते, म्हणजे दिवसभर गप्प असलेला नोड दुसऱ्या दिवशी बोलू लागला तर मधली किती गेली ते कळणारच नाही. सोळा बिटांत २२७ दिवस निघतात, आतापासून तोडीपर्यंत पुरेसे.

आता आरएसएसआय, म्हणजे आलेला सिग्नल किती जोराचा होता तो आकडा. तुम्ही लिहिलंय की पॅकेटं निम्मी झाली पण सरासरी आरएसएसआय फारसा पडलेला नाही, म्हणून दोष रेडिओचा नसावा. हा निष्कर्ष घाईचा आहे. आरएसएसआय फक्त पोचलेल्या पॅकेटचा मिळतो. जी पॅकेटं क्षीण होऊन रिसीव्हरच्या मर्यादेखाली गेली त्यांची नोंदच होत नाही, उरलेल्यांची सरासरी मात्र चांगली दिसत राहते. शिवाय मेशमध्ये एक्सबीसारखं मोड्यूल फक्त शेवटच्या टप्प्याचा आरएसएसआय सांगतं. पॅकेट तीन टप्पे करून आलं असेल तर फडातल्या पहिल्या दोन टप्प्यांबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. एक जोडी मेशमधून बाहेर काढून थेट एकमेकांशी बोलू द्या, तिचाच आकडा विश्वासाचा.

दुसरं, २.४ गिगाहर्ट्झ ही पाण्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी आहे म्हणून ओली पानं सिग्नल पितात, असं तुम्ही म्हणताय. हे सगळीकडे ऐकू येतं, कॉलेजातही शिकवतात, पण ते चूक आहे. तिथे पाण्याचा काही खास अनुनाद नाही. साध्या तापमानाला पाण्याचं शोषण साधारण २० गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत वाढत जातं, २.४ ही त्या चढावरची एक जागा. ओली पानं सिग्नल खातात हे खरंच, पण कारण प्रबंधात असं लिहू नका, तोंडी परीक्षेत पकडतील.

उंचीचा हिशोब मात्र कागदावर करून ठेवा. ९० मीटर अंतराला २.४ गिगाहर्ट्झवर पहिल्या फ्रेनेल झोनची, म्हणजे दोन अँटेनांमध्ये सिग्नलला लागणाऱ्या लांबट फुगीर जागेची, मधली त्रिज्या सुमारे १.७ मीटर येते. त्यातला साठ टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे एक मीटर. माझा अँटेना चार फुटांवर, म्हणजे १.२ मीटरवर. फेब्रुवारीत उघड्या रानात ते जेमतेम भागत होतं, म्हणून मी फसले. आणि ऊस नऊ फूट झाल्यावर दहा फुटांचे खांबही हिशोबाने कमीच होते, साडेबारा हवे होते. तरी आकडे सुधारले, म्हणजे पॉवरचा किंवा बॅटरीचा हात असणार. बघा, इतक्या वर्षांनीही मी "असणार" म्हणतेय.

झाडांतून होणाऱ्या घटीसाठी वाइसबर्गरचं सूत्र वापरतात. त्यात १०० मीटर घातले तर २.४ गिगाहर्ट्झला २५ डेसिबलच्या वर जातं, म्हणजे पानं नसताना जेवढी शक्ती पोचली असती तिचा सुमारे साडेतीनशेवा हिस्सा उरतो. ८६६ मेगाहर्ट्झला, म्हणजे खाली येणाऱ्या लोराच्या पट्ट्यात, तेच १९ च्या आसपास. पण ते सूत्र दाट पानांच्या झाडांवरून काढलेलं आहे. ऊस म्हणजे झाड नव्हे. त्याला सरी आहे, दिशा आहे, खाली पाचट आहे. सरीच्या दिशेने आणि सरीला आडवं, दोन्ही मोजा. पाऊस पडत असताना, पहाटे दव असताना आणि दुपारी वाळल्यावर मोजा. प्रत्येक वेळी उसाची उंची काठीने मोजून लिहा. हे झालं की एका जोडीचीच उंची चार, सात, दहा, तेरा फूट अशी वाढवा, बाकी काही हलवू नका. मग पॉवर. एका वेळी एकच. हे आकडे तुमच्याशिवाय कुणाकडे नसतील.

खांबांसाठी पैसे मागताना जपून. आमच्या संस्थेच्या खरेदी विभागाने माझं जीआय पाइपचं बिल चार वेळा परत पाठवलं. प्रकल्प वायरलेसचा, मग लोखंड कशाला, अशी शंका. अँटेना हवेत तरंगत नाही हे लेखी समजावण्यात माझा एक महिना गेला आणि शेवटी पैसे पदरचेच भरले. त्या महिन्यात ऊस दीड-दोन फूट वाढला. मला राग पैशांचा नाही, त्या दीड-दोन फुटांचा आहे. ती उंची मोजायची राहून गेली. तुम्ही मागणीपत्रात "अँटेना मास्ट" लिहा, सुटे पाइप लिहू नका.

लोरावर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओ पद्धतीवर, जावं का, असंही विचारलंय. जावं, पण पुढच्या हंगामात, तुलना म्हणून. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे, ट्रान्समीटर १ वॉटपर्यंत. स्वस्त मिळतात म्हणून ९१५ चे मोड्यूल घेऊ नका. तो अमेरिकेतला पट्टा आहे, आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल टॉवरकडे बोलतात. नियम बदलत असतात, घेण्याआधी ताजी अधिसूचना वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका. आणि लांब तरंग म्हणजे कमी खांब, असंही समजू नका. ९० मीटरला तिथे फ्रेनेल त्रिज्या २.८ मीटर होते, म्हणजे उसाच्या वर जास्तच जागा लागते. फायदा आहे तो संवेदनशीलतेचा. एसएफ १२ ला (लोराचा सगळ्यात संथ वेग; एसएफ ७ बराच जलद) गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा सिग्नलही वाचता येतो, पण २० बाइट पाठवायला सुमारे १.३ सेकंद लागतात, एसएफ ७ ला ५७ मिलिसेकंद. लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या नेटवर्कचे) नोड एकमेकांची वाट न बघता बोलतात, १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहा या रेडिओ नेटवर्कची तीच रीत, आणि शुद्ध अलोहात वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोग होतो. तुमच्या चोवीस नोडांना काही अडणार नाही. उद्या अख्ख्या पाणीपुरवठा संस्थेचं क्षेत्र घ्यायचं म्हटलं तर अडेल.

गाइडबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, शेवटचा शब्द त्यांचा. माझं मत विचाराल तर नुसतं सिम्युलेशन देऊ नका. सिम्युलेशनच्या टू-रे मॉडेलमध्ये (थेट सिग्नल आणि जमिनीवरून परतलेला, एवढेच धरणाऱ्या) जमीन सपाट आणि रिकामी असते, तिथे पीक वाढतच नाही. फेब्रुवारीत तुमचा आकडा त्याच्याशी जुळला तो रान तेव्हा तसंच होतं म्हणून. मोजलेली घट उसाच्या उंचीप्रमाणे एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये घाला आणि मग चालवा. गाइडना सिम्युलेशन मिळेल, तुम्हाला शेत सोडावं लागणार नाही. सप्टेंबरच्या सादरीकरणात पडलेला आलेख तसाच दाखवा. चाळीस टक्के दाखवायची लाज वाटेल. मलाही वाटली असती, पण कारण सांगता येत असेल तर तो आकडा भक्कम आहे.

माझा अनुभव एका रानाचा, एका खोडव्याचा. माळावरच्या हलक्या जमिनीत किंवा वेगळ्या जातीच्या उसात आकडे निराळे येतील.

एकटीने फडात जाऊ नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पान कापतं. आणि नदीकाठचं रान असेल तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवा. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमच्या खालच्या अंगाला पाणी त्याआधीच शेतात येतं. नोड काढायची वेळ आलीच तर आधी कार्डं उतरवून घ्या, कोणता नोड कुठे होता त्याचे फोटो काढा, मग खांबाला हात लावा. पहिल्या आठ दिवसांचे आकडे इथे टाका, मी बसून बघते.