जुन्या पिकअपचा स्टिअरिंग शाफ्ट (स्टिअरिंगपासून खालच्या गिअर बॉक्सपर्यंत जाणारा दांडा) मिळत नाही, मॉडेल आणि साल सांगून दोनदा चुकीचा आला. काय करावं?

मॉडेल-साल सांगून मागवू नका. जुना शाफ्ट काढून त्याची मापं घ्या आणि त्या मापांवर मागवा. एकाच सालच्या गाडीत पॉवर आणि साध्या स्टिअरिंगचे बॉक्स (चाकं वळवणारा गिअरचा डबा) वेगळे असू शकतात, त्यामुळे शाफ्टचं खालचं टोक बदलतं. चूक बहुतेक तिथेच होते.

मोजायचं ते असं:

- दोन्ही टोकांचे दाते आणि व्यास, व्हर्नियरने. पाऊण इंचात ३० दातेही येतात, ३६ही. लांबून सारखेच दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत. मोजताना एका दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर हमखास एक जास्त मोजला जातो.
- लांबी: पूर्ण दाबून आणि गाडीत बसते तेवढी, अशी दोन्ही.
- खालच्या टोकाला रबरी कपलिंग (रबराचा जोड) आहे की क्रॉस जॉइंट (कोनात फिरणारा सांधा).

काढण्याआधी चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवा. एअरबॅग असेल तर हे बांधणं चुकवूच नका. स्टिअरिंग मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटू शकते. परत बसवताना क्लॅम्पचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे, नुसता आवळला म्हणून भागत नाही.

भंगारातला शाफ्ट चालेल, पण अपघातातल्या गाडीचा नको: तो धक्क्याने आत दबलेला असू शकतो. आणि लांबी कमी पडली म्हणून वेल्डिंग करून जोडण्याच्या भानगडीत पडू नका.