प्रतिहेरगिरी, अफवा आणि कंडी

दारव्हा तालुक्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे की, ‘काउंटर इंटेलिजन्स’साठी ‘प्रतिहेरगिरी’ हा शब्द बरोबर आहे का, आणि ‘डिसइन्फर्मेशन’ला, म्हणजे मुद्दाम पसरवलेल्या खोट्या माहितीला, ‘अफवा’ म्हटले तर चालेल का.

‘प्रतिहेरगिरी’ खुशाल वापरावा. मात्र शत्रूने हेर पाठवले म्हणून आपणही पाठवायचे, असा त्याचा अर्थ घेऊ नये. यातला ‘प्रति’ हा ‘प्रतिबंधा’तला आहे, म्हणजे परक्या हेरगिरीला आळा घालणे. आपल्याकडे हरभऱ्याच्या वावरात जागलीला गेलेला माणूस आधी धुऱ्यावरची काटेरी फांदी कुठे सरकली आहे आणि ओल्या मातीत रानडुकराचे खूर कोणत्या बाजूने उमटले आहेत हे पाहतो, आणि मग त्याच वाटेवर रात्र काढतो. देशांतर्गत अशी जागल इंटेलिजन्स ब्युरो ही केंद्र सरकारची गुप्तचर संस्था करते. या संस्थेचा वारसा १८८७ पर्यंत मागे जातो. परकी हेर हेरला की त्याला लगेच पकडतातच असे नाही. त्याला कोण भेटते आणि पैसा कोठून येतो हे कळेपर्यंत त्याच्यावर पाळत ठेवली जाते, कधी त्याला आपल्या बाजूला वळवले जाते. दोन्हीकडून पगार घेणाऱ्या अशा हेराला कौटिल्याने ‘उभयवेतन’ म्हटले आहे. ‘डबल एजंट’साठी इतका नेमका शब्द हाताशी असताना तो अडगळीत पडावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘अफवा’ मात्र येथे पुरत नाही. हा शब्द अरबीतून आला असून मुळात त्याचा अर्थ ‘तोंडे’ असा आहे. अफवा तोंडोतोंडी फिरते आणि तिला धनी नसतो. ‘डिसइन्फर्मेशन’ला धनी असतो व त्याचा हेतूही असतो, म्हणून तिच्या जवळचा मराठी शब्द ‘कंडी’ होय, कारण कंडी कोणीतरी पिकवावी लागते. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत तयार केला, असा त्यात दावा होता. १९८५ मध्ये एका सोव्हिएत साप्ताहिकाने त्याच पत्राचा हवाला दिला आणि ही गोष्ट अनेक देशांत पसरली. ती सोव्हिएत गुप्तचर संस्थेने पिकवलेली कंडी होती. दावा खोटा आहे एवढे सांगून अमेरिकी अधिकारी थांबले नाहीत, तर तो कोठून निघाला आणि कोणत्या वाटेने फिरला, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. आज समाजमाध्यमांवरही शोध याच दिशेने घेतला जातो: एकच मजकूर शब्दही न बदलता एकाच वेळी शेकडो खात्यांवरून आला, तर त्या खात्यांमागे कोण आहे ते पाहिले जाते. २०२१ मध्ये फ्रान्सने परकी हस्तक्षेपाचा असा माग काढण्यासाठी ‘विजिनम’ ही स्वतंत्र सरकारी यंत्रणाच उभी केली.

उत्तरपत्रिकेत ‘कंडी’ हा शब्द बोलीतला वाटत असेल, तर ‘हेतुपुरस्सर अपप्रचार’ असे लिहावे. गावच्या ग्रुपवर खरे समजून तोच मजकूर पुढे पाठवणाऱ्या काकूंच्या कृतीला मात्र ‘अफवा पसरवणे’ म्हणावे, ‘कंडी पिकवणे’ नव्हे.