किशोरवयीन मुलांना तारखा पाठ होतात, पण फ्रान्समधली राजेशाही का कोसळली हे कळत नाही. कसं शिकवावं?

पॅरिसच्या बास्तील तुरुंगावरच्या जमावाच्या हल्ल्यापासून सुरुवात करू नका. १४ जुलै १७८९ ला त्या तुरुंगात अवघे ७ कैदी होते. जमावाला हवी होती तिथली बंदुकीची दारू. सुरुवात पावापासून करा. १७८८ मध्ये पीक बुडालं आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून जास्त कमाई नुसत्या पावावर जाऊ लागली. तिकडे सरकारी खर्चाचा जवळपास निम्मा हिस्सा कर्जापायी जात होता, आणि सरदार-धर्मगुरूंना बऱ्याच करांतून सूट!

मग वर्गात एस्टेट्स जनरलची, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता या तीन गटांच्या प्रतिनिधींची सभा भरवा. धर्मगुरूंचं एक मत, सरदारांचं एक, उरलेल्या ९५ टक्क्यांहून जास्त जनतेचंही एकच. दोनदा मतदान घेतलंत की मुलं आपणहून भांडायला उठतात. जून १७८९ मध्ये तिसऱ्या गटाने स्वतःला राष्ट्रीय सभा का म्हणवून घेतलं, हे मग समजावावं लागत नाही.

राजा मात्र लगेच गेला नाही, यावर वेळ द्या. जून १७९१ मध्ये वेश पालटून पळताना राजा सोळावा लुई व्हारेन गावात पकडला गेला आणि लोकांचा विश्वास उडाला. राजेशाही रद्द झाली २१ सप्टेंबर १७९२ ला. तोवर तो सिंहासन वाचवू शकला असता का, यावर वाद घालू द्या. आणि नंतरचं गिलोटिनचं (शिरच्छेदाच्या यंत्राचं) दहशतपर्व कृपया गाळू नका. मुलांचे सर्वांत प्रामाणिक प्रश्न तिथेच येतात.