नागपूरच्या आसपास ओसाड, सोडून दिलेल्या जागांचे फोटो काढायला कुठे जावं? आणि माझे फोटो नुसत्या पडक्या भिंतींचे का दिसतात?

जागांची यादी देतोच, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मे महिन्यात काढलेले फोटो सपाट आले, 'काहीतरी कमी आहे' असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते निम्मा दोष उन्हाचा. उरलेला निम्मा असा की ती जागा रिकामी कशी झाली, हे तुम्ही कोणाला विचारलंच नाही.

प्रत्येक जागा आपापल्या तऱ्हेने ओसाड पडते. गिरणी बंद पडली की यंत्रं लिलावात जातात, मग पत्रे, मग खिडक्यांचे गज. मागे राहतात यंत्रांचे काँक्रीटचे ओटे आणि त्यांतून वर आलेले गंजके बोल्ट. रेल्वे लाइन बंद झाली की रूळ उचलतात, खडी तशीच पडून राहते. धरणात जाणारं गाव मात्र लोक स्वतःच्या हाताने उकलून नेतात. हे माहीत असलं की कॅमेरा कुठे रोखायचा, हे वेगळं शिकावं लागत नाही.

गोसेखुर्दचंच घ्या. 1988 साली पायाभरणी झालेल्या या धरणामुळे कुही-भिवापूर भागातली कितीतरी गावं उठली. जुन्या गावठाणात गेलात तर घरं पडलेली कमी आणि सोललेली जास्त दिसतील. सागाच्या चौकटी, मयाली (छपराच्या तुळया), कवेलू (कौलं), जे जे नेता येईल ते लोकांनी ट्रॅक्टरवर घालून नव्या गावठाणात नेलं. चौकट उपटताना भिंतीच्या कडा फुटतात, म्हणून दाराची भोकं वेडीवाकडी. आत चूल होती तिथली भिंत काळी असते, आणि तो काळा पट्टा वर जाऊन जिथे तिरपा कापल्यासारखा थांबतो, तिथे छप्पर टेकलेलं होतं. आज वर आभाळ आहे, पण छपराचा उतार धुराने भिंतीवर आखून ठेवलाय. शेजारच्या देवळीत तेलाचे ओघळ, आणि पोपडा निघालाय तिथे निळ्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा चुना. अशी एक भिंत समोरून, सरळ उभं राहून, अर्धा तास देऊन काढा. अख्ख्या गावाच्या पन्नास वाईड फोटोंपेक्षा ती जास्त बोलेल.

आणि तिथे कोणी नसतं असं समजू नका. पाणी उतरलं की काठावर गुरं असतात, मासेमारी करणारे ढिवर बांधव असतात. आधी राम राम घाला, कॅमेरा नंतर काढा. 'हे कोणाचं घर होतं जी?' एवढं विचारलं की माणूस स्वतःच पुढे होऊन फिरवतो. नाही म्हणाला, तर निघा.

आता उन्हाबद्दल. मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातनंतर प्रकाश कामाचा राहत नाही. त्यात तापलेल्या जमिनीवरून लांब लेन्सने फोटो घेतला तर हवाच हलते. कितीही महागडी लेन्स लावा, फोटो शार्प येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे उगवतो, धुकं असतं, ऊन बराच वेळ तिरपं राहतं. हे दोन महिने सोन्याचे.

तिरप्या उन्हाची करामत पाहायची तर काटोल रोडकडच्या जुनापाणीला जा. लोहयुगातली सुमारे 300 शिलावर्तुळं त्या माळावर आहेत. दुपारी गेलात तर नुसते दगड पडलेले वाटतील. पण काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे आहेत. सकाळचं ऊन आडवं आलं की प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि मग ते एकामागून एक दिसू लागतात. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्या, सूर्य बाजूला ठेवा. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्या.

ढगाळ दिवस वाया गेला असं मानू नका. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या असंच सगळं टिपलं, आणि तेही मुद्दाम ढगाळ, सावली न पडणाऱ्या प्रकाशात, समोरून, एकाच पद्धतीने. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात तो प्रकाश फुकट मिळतो. गवत मात्र कमरेपर्यंत वाढलेलं असतं.

बाकीच्या जागा पटापट. एम्प्रेस मिल शोधत फिरू नका. 1877 ला सुरू झालेली जमशेदजी टाटांची ती गिरणी 2002 ला बंद झाली आणि त्या जागेवर आता मॉल उभा आहे. नागपूर-नागभीड नॅरोगेज 2019 च्या शेवटी थांबली. ब्रॉडगेजचं काम तिथे होत असल्याने जुन्या लाइनच्या खुणा पुसल्या जाताहेत, जायचं तर लवकर जा. उमरेडकडे कोळसा खाणीच्या ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे, करडे डोंगर रस्त्यावरूनच दिसतात आणि रस्त्यावरूनच काढा. त्यावर चढायच्या भानगडीत पडू नका, माती कधी सरकेल नेम नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सीताबर्डी किल्ला आणि कामठी छावणी लष्कराकडे, तिथे कॅमेरा बॅगेतच बरा.

पडक्या घरात घोणस, मण्यार असतेच असं समजून चाला. घोट्यावर येणारे बूट, हातात काठी. कठडा नसलेल्या विहिरी गवतात लपतात. पावसाळ्यात मातीच्या भिंतीला टेकू नका. एकटे जाऊ नका.

अंधाऱ्या खोलीतून उजळ दार दिसत असेल तर ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (म्हणजे दर वेळी चौपट कमी-जास्त उजेडाचे) तीन फोटो घ्या आणि नंतर जोडा. पण जोडताना हात आवरा. सावली काळी राहिली तर राहू द्या. असे फोटो जोडून केलेल्या त्या भडक, करकरीत एचडीआरने चांगली चांगली घरं भूतबंगले करून टाकली आहेत. बॅगेत फुटकी बाहुली घेऊन फिरणारे आणि ती उंबऱ्यावर ठेवून फोटो काढणारेही पाहिलेत मी. ते करू नका, प्लीज.

लेन्स कोणती म्हणाल, तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 पुरे. एफ 8, आयएसओ 100, रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल). नवीन लेन्सचे पैसे पेट्रोलमध्ये घाला. आणि फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. भंगारवाल्यांनाही इंटरनेट वापरता येतं.