ताप उतरला, नाडी का उतरत नाही?

रात्री पावणेदोनला तिने शेजारच्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला मेसेज केला होता : "घड्याळात नाडी ११८ दाखवतंय. दवाखान्यात निघायचं का?" त्यांनी येऊन कपाळाला हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताप आहे ना, म्हणून असेल." ते परत झोपले, ती पहाटेपर्यंत जागीच. सकाळी फोनवरच्या सत्रात तिने विचारलं, "मॅडम, ११८ म्हणजे जायला हवं होतं की नाही? एकदा काय तो आकडा सांगून टाका."

वय ३४, फ्लूचा दुसरा दिवस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आरोग्याच्या काळजीसाठी तिचं समुपदेशन आधीपासून चालू होतं. आदल्या वर्षी छाती धडधडते म्हणून ती दोनदा रात्री धावत रुग्णालयात गेली होती. दोन्ही वेळा ईसीजी नीट आला आणि "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. तेव्हापासून तिची दोन्हीकडून कोंडी. गेलं तर हसतील, नाही गेलं आणि काही झालं तर?

आकडा सांगून टाकता येत नाही, कारण तोच ११८ एका रात्री निरुपद्रवी असतो आणि दुसऱ्या रात्री नसतो. म्हणून आधी त्या क्षणी काय चाललं होतं ते एकेक करून विचारलं. ती नुकतीच बाथरूमला जाऊन आली होती. ताप १०२ अंश फॅरनहाइट. पाणी शेवटचं प्यायली ते रात्री आठला. झोपताना नाक मोकळं करणारी गोळी घेतलेली. आणि घड्याळाकडे? "तीसेक वेळा तरी बघितलं असेल."

प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. तब्येत बरी असताना तिची ७६ असायची, आणि हा स्वतःचा आकडा माहीत असणं फार उपयोगी पडतं. ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी साधारण ८ ते १० ठोक्यांनी वाढते, फॅरनहाइटमध्ये अंशाला पाचेक ठोके. १०२ अंश म्हणजे ३८.९ सेल्सियस. त्या हिशेबाने नुसत्या तापामुळे तिची नाडी ९५ च्या आसपास जायला हवी. उरलेल्या वीसेक ठोक्यांची कारणं तिच्याच उत्तरांत होती : नुकतंच चालणं, अंगातलं पाणी कमी होणं, भीती आणि कदाचित ती गोळी. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी नाडी वाढते. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनेही वाढते.

मोजायची पद्धत तिने त्याच सत्रात फोन स्पीकरवर ठेवून करून पाहिली. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नाही. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला, तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. अंगठ्याने मोजायचं नाही, त्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजायचं, कारण अशा वेळी घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दोन्ही चुकू शकतात. गार बोट आणि नेलपॉलिश हे ऑक्सिमीटरचे जुने शत्रू. तिचं उत्तर आलं, "एकशेचार." तिच्या घड्याळात त्याच वेळी १०९ होते.

मग श्वास. घरी नाडी सगळे मोजतात, श्वास जवळपास कोणीच मोजत नाही, आणि खरं तर दोघांतला तोच अधिक बोलका आहे. छाती किंवा पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास, पूर्ण मिनिटभर मोजायचं. स्वतःचा मोजायला गेलं की तो आपोआप बदलतो, म्हणून हे काम नवऱ्याकडे दिलं, तिला न सांगता करायचं म्हणून. त्यांनी १८ मोजले. प्रौढांत विश्रांतीतले १२ ते २० नेहमीचे.

पुढची पायरी म्हणजे नाडीला उतरायची संधी देऊन पाहणं. तिच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, तासाभरात घोट घोट करून अर्धा लिटर पाणी, आणि दोन तास पडून राहणं. घड्याळ काढून नवऱ्याच्या खोलीत. दोन तासांनी ताप १००.२, नाडी ९२. कारण हटलं तशी नाडी खाली आली, आणि आमच्या दृष्टीने त्या दिवशीचा निर्णय तिथेच झाला : घरीच थांबायचं, पण लिहून ठेवायचं.

तिच्या डॉक्टरांशी बोलून वहीत पाच रकाने आखले : वेळ, ताप, नाडी, श्वास, लघवी. नोंदी दिवसातून चारच. सकाळी उठल्यावर, तापाच्या गोळीआधी, गोळीनंतर दोन तासांनी आणि झोपताना. अधेमधे मोजायचं ते नवीन लक्षण आलं तरच. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ताप उतरलेला असताना पडल्या पडल्या नाडी काही तास १०० च्या वर राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १२० च्या वर टिकली तर फोन करत बसायचं नाही, दाखवायला जायचं. १३० च्या वर टिकली, किंवा कितीही असली तरी छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, वाक्य पुरं न होणं, चक्कर येऊन पडणं, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर होणं यांपैकी काही दिसलं, तर रुग्णवाहिका. आठ-दहा तास लघवी नाही, किंवा पाणीही पोटात टिकत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. शेवटची ओळ तिची स्वतःची : "हसले तर हसू देत."

तिने एक प्रश्न जरा ओशाळून विचारला. सासूबाईंची ठोके कमी करायची गोळी घरात होती, ती अर्धी घेतली तर? बिलकुल नाही. आजारात हृदय बहुधा भरपाई करत असतं. अंगातलं पाणी घटलं की प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, म्हणून ठोके वाढवून रक्तपुरवठा सांभाळला जातो. गोळीने ठोके रोखले तर आकडा दिसायला छान होतो, पण शरीराची भरपाई काढून घेतली जाते. हीच गोष्ट उलट बाजूने त्या सासूबाईंना लागू. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी ठोके कमी करणारी औषधं रोज घेणाऱ्याची नाडी गंभीर आजारातही ८० च्या आसपासच राहू शकते. अशा माणसाच्या नाडीवर विसंबूच नये.

तिसऱ्या, चौथ्या दिवशीच्या नोंदी उतरत्या होत्या. पाचव्या दिवशी नाडी ८२, ती उठून अंघोळ करून बसली. सहाव्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. ताप ९९.५, नाडी ११६, दोन तास पडूनही ११४. श्वास २६. "ती म्हणतेय काही नाही, नुसता थकवा आहे. आज घाबरलेली पण नाहीये. पण पुठ्ठ्यावर लिहिलंय म्हणून विचारतो." त्यांना तिथेच निघायला सांगितलं. रुग्णालयात रक्तातला ऑक्सिजन ९३ टक्के, रक्तदाब ठीक, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. फ्लूमधून बरं वाटायला लागून मग पुन्हा खालावणं ही जिवाणूंच्या न्यूमोनियाची ओळखीची चाल आहे. चार दिवस ती दाखल होती.

ब्रिटनमध्ये रुग्णालयांत न्यूज-२ नावाची गुणपद्धती वापरतात. जितके गुण जास्त, तितकी काळजी जास्त. ५ ला तातडीची तपासणी, ७ ला आणीबाणी. ती घरी वापरायची नाही, पण तिच्या दोन प्रसंगांवर लावून पाहिली तर फरक डोळ्यांत भरतो. पहिल्या रात्री ११८ नाडीचे २ गुण, तापाचा १. बाकी सगळं नेहमीसारखं धरलं तर एकूण ३. सहाव्या दिवशी ११६ नाडीचे तेच २, पण श्वासाचे ३, ऑक्सिजनचे २, तापाचा शून्य. एकूण ७. नाडी दोन ठोक्यांनी कमीच होती! जिची भीती वाटली ती रात्र घरी काढण्यासारखी होती, आणि जिथे भीती नव्हती तिथे दाखल व्हावं लागलं. तापाशी नातं सुटलेली नाडी डेंगीतही पाहायला मिळते. तिथे ताप उतरण्याचे दिवस, साधारण तिसरा ते सातवा, हेच धोक्याचे असतात. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमकं तेव्हाच नाडी वेगवान, हातपाय गार, पोटात दुखणं सुरू होतं.

काही प्रकारांत ही वही कामाची नाही. बटण दाबल्यासारखी नाडी एकदम १५० च्या वर गेली आणि तशीच एकदम खाली आली, तर तो तापाचा परिणाम नसून हृदयाच्या लयीचा प्रश्न असू शकतो. तो चालू असतानाच ईसीजी निघाला तर निदान होतं, म्हणून थांबायची वाट न पाहता जायचं. एका पायाला सूज आणि धाप, काळी शौच, मधुमेहात उलट्या आणि खोल भरभर श्वास, यांत नाडी हे केवळ सोबतचं लक्षण आहे, मोजत बसू नये. गरोदरपणात नाडी मुळातच १० ते २० ने जास्त असते. लहान मुलांना तर प्रौढांचे आकडे लावूच नयेत. तान्ह्या बाळाची १४० नाडी अगदी नेहमीची असते. मूल दूध घेतंय का, हाक मारल्यावर बघतंय का, लंगोट ओले होतायत का, हे तिथे आधी पाहायचं.

घाबरल्यामुळे वाढलेली नाडी ओळखता येते का? बऱ्याचदा येते. ती भराभर चढते, वीस-तीस मिनिटांत ओसरू लागते, लक्ष दुसरीकडे गेलं की खाली येते आणि गाढ झोपेत टिकत नाही. पण हे उत्तर शेवटी काढायचं. ताप, पाणी, औषधं, श्वास हे सगळं पाहून झाल्यावर. चिंतेचा इतिहास असलेल्या माणसाच्या बाबतीत घरचे आणि कधी कधी डॉक्टरही ते पहिल्यांदा काढतात, आणि आमच्या मते खरी चूक तिथे होते. चिंताग्रस्त माणसालाही न्यूमोनिया होतो.

तीन आठवड्यांनी तिची विश्रांतीतली नाडी ८४ होती, जिना चढल्यावर १२०. आजारानंतर काही आठवडे असं राहतं. डॉक्टरांनी व्यायाम हळूहळू वाढवायला सांगितला आणि छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच थांबायला. वही तिने कपाटात ठेवली. घड्याळ पुन्हा हातात आहे, झोपताना मात्र ते दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेलं असतं.