जिथलं खरं कळत नाही, त्या देशाचा अभ्यास

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत आहे. कोरियन मालिका बघता बघता तिला उत्तर कोरियाचं वेड लागलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसते आणि रोज उलटसुलट काहीतरी सांगते. जिथलं खरं काय तेच कळत नाही, त्या विषयावर पोट कसं भरणार? – एक पालक, कोल्हापूर

नमस्कार. माहिती एकमेकीशी जुळत नाही, हे तिच्या लक्षात आलंय ना? मग सुरुवात चांगली आहे. भल्याभल्यांच्या ते लक्षात येत नाही. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका बड्या दैनिकाने उत्तर कोरियाची गायिका ह्योन सोंग-वोल हिला तिथल्या सरकारने गोळ्या घातल्याचं छापलं. पुढच्याच वर्षी ती टीव्हीवर दिसली आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी तर कलापथक घेऊन दक्षिणेतच आली!

म्हणून अभ्यासक बातमीपेक्षा तिचा माग काढतात. केसीएनए ही उत्तर कोरियाची सरकारी वृत्तसंस्था. खरं कळेल म्हणून ती कुणी वाचत नाही; फोटोत कोण कुठे उभा आहे, कालचं कुठलं नाव आज गायब आहे, हे बघायला वाचतात. '३८ नॉर्थ' या उत्तर कोरियावरच्या अभ्यासाच्या संकेतस्थळाचे लोक उपग्रहचित्रांवरून योंगब्योनच्या अणुकेंद्रातल्या हालचाली टिपतात. व्यापाराचा अंदाज चीनच्या कस्टमच्या आकड्यांवरून बांधतात. पळून आलेल्यांच्या साक्षी हा मोठा आधार, पण तो आटतोय : २०१९ मध्ये हजारावर माणसं दक्षिणेत पोहोचली, कोरोनात सीमा बंद झाल्यावर २०२१ मध्ये फक्त ६३.

आता पोटाचं. नुसता 'उत्तर कोरिया तज्ज्ञ' म्हणून आपल्याकडे नोकऱ्या जवळजवळ नाहीत, तिला तसं स्पष्ट सांगा. पोट भरेल ते भाषेवर. दिल्लीत जेएनयूमध्ये कोरियन भाषेत बी.ए. करता येतं. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या असतात. वरच्या गाठल्या तर दुभाषी, अनुवाद ही कामं आहेत. कोरियन कंपन्याही लांब नाहीत : रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आली आहे. एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन दक्षिण कोरियाच्या सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येईल. भाषेशिवाय हा अभ्यास म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून बघणं. उत्तरेतल्या सत्ताधारी पक्षाचं मुखपत्र 'रोदोंग सिन्मुन'; त्यातला 'रोदोंग' दक्षिणेत 'नोदोंग' होतो. फाळणी अशी शब्दांतही उतरली आहे.

आणि हा विषय तुमच्या गावापासून वाटतो तितका लांब नाही. २७ जुलै १९५३ ला कोरियन युद्धात शस्त्रसंधी झाली (शांतता करार आजही नाही), तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी भारतीय दलाच्या ताब्यात दिले होते. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, तुमच्या कोल्हापूरचेच. तिला त्यांच्यापासून सुरुवात करू द्या.

महिनाभर एक काम द्या. आठवड्याला एकच बातमी घ्यायची, ती सर्वांत आधी कुणी दिली ते शोधायचं आणि वहीत लिहायचं. चार आठवड्यांत कंटाळली, तर वेड मालिकांचं होतं असं समजा. वही भरली, तर जेएनयूची माहितीपुस्तिका काढा.

जागरण मात्र बंद. प्योंगयांगचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. सकाळी सहाला उठली तरी 'रोदोंग सिन्मुन'चा ताजा अंक आलेला असतो.