वांझोटा राग चालतो, वांझोटा माणूस का नाही?

प्रश्न असा: ‘वांझ’ हा शब्द ‘वंध्या’वरूनच आला का, पुरुषासाठी तसा शब्द का नाही, आणि रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात त्याऐवजी काय लिहावं?

व्युत्पत्ती सरळ आहे. वंध्या, प्राकृतात वंझा, मराठीत वांझ. संध्येची सांज झाली तीही याच वाटेनं. मूळ ‘वंध्य’ म्हणजे निष्फळ, तिन्ही लिंगांत चालणारं विशेषण. मराठीतही जमीन वांझ, गाय वांझ. तुरीच्या एका रोगाचं नावच ‘वांझ रोग’: झाड पानांनी हिरवंगार, पण फुलं-शेंगा धरत नाहीत. कारण विषाणू, आणि तो पसरवतो एक सूक्ष्म कोळी. त्यामुळे बंदोबस्त कोळ्याचा करतात, तुरीला कुणी बोल लावत नाही.

पुल्लिंगी रूप नाही असंही नाही. वांझोटा राग, वांझोटे वाद आपण सर्रास लिहितो. माणसाची गोष्ट निघाली की मात्र ‘वांझोटी’ एवढंच उरतं. व्याकरणानं कुणाला अडवलेलं नाही. पुरुषाला लावले जाणारे ‘नपुंसक’, ‘षंढ’ हे शब्द संभोगक्षमतेचे. शुक्राणू कमी असलेल्या पुरुषाची ती क्षमता बहुधा शाबूत असते. म्हणजे त्याच्या अडचणीला बोलीत नावच नाही, आणि नाव नाही म्हणून वीर्यतपासणीही मागे पडते. खरं तर ती सोपी: २ ते ७ दिवस संयम, मग नमुना. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो.

‘निपुत्रिक’ सभ्य वाटतो, पण त्यात ‘पुत्र’ आहे. लेकी असलेलीही त्यात ढकलली जाते. जुना ‘काकवंध्या’ एकच मूल झालेल्या बाईसाठी, कावळी एकदाच विते या समजुतीवरून. आजचं दुय्यम वंध्यत्व, म्हणजे एकदा गर्भधारणा झाल्यावर पुढे ती न होणं, बरंचसं हेच. अशा बाईला “एक आहे ना, मग?” एवढ्यावर गप्प केलं जातं.

आता ‘वांझ’ तोंडावर क्वचितच म्हणतात. “काही विशेष?” पुरतं. डोहाळजेवणात ओटी भरायला लेकुरवाळी शोधली जाते, तेव्हा जिला वगळलं तिला न उच्चारलेला शब्द ऐकू येतोच. मग बारशाची बोलावणी टाळणं सुरू होतं, आणि लोक म्हणतात, ती माणूसघाणी झाली.

माहितीपत्रकात ‘वंध्या स्त्री’ नको, ‘दोष’ नको, ‘कारण’ लिहा. व्याख्या जोडप्याची करा: गर्भनिरोधक न वापरता १२ महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे. ‘वंध्यत्व’ निदान म्हणून ठेवायला हरकत नाही, पण शेजारी ‘पुरुष वंध्यत्व’ त्याच टाइपात छापा. ‘सायकल (म्हणजे उपचाराची एक फेरी) फेल गेली’ हे दवाखान्यातलं वाक्य टाळाच. ऐकणारीला ‘मी फेल’ असंच ऐकू येतं. ‘या वेळी गर्भ रुजला नाही’ पुरेसं आहे. ‘तिला मूल होत नाही’ इथे ‘त्यांना’ करा.

‘विनापत्य’ चालेल का? चालेल, फक्त त्याचा वावर बघा: विवाहविषयक जाहिरातीत ‘घटस्फोटित, विनापत्य’ ही जमेची बाजू म्हणून छापतात.